उदरगुहीय गर्भधारणा

फलित अंडाचे रोपण गर्भाशयाच्या पोकळीत न होता उदरगुहेत होणे आणि गर्भ तेथेच वाढू लागणे, या अवस्थेला उदरगुहीय गर्भधारणा म्हणतात. गर्भाशयाच्या पोकळीबाहेर कोठेही होणाऱ्या गर्भधारणेला अस्थानी गर्भधारणा अशी सामान्य संज्ञा आहे. एकूण गर्भधारणांपैकी सु. १ ते २ टक्के अस्थानी असतात आणि त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक अंडवाहिनीत आढळतात. उरलेल्या अंडकोश, गर्भाशय ग्रीवा, पूर्वीच्या सिझेरियन शस्त्रक्रियेचा व्रण व उदरगुहा या ठिकाणी होतात. अस्थानी गर्भधारणांमध्ये उदरगुहीय प्रकाराचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९७०–८३ या काळाच्या पाहणीत दर १ लाख जिवंत जन्मांमागे सु. ११ उदरगुहीय गर्भधारणा आढळल्या. तिच्यामुळे होणाऱ्या मातामृत्यूचे प्रमाण इतर अस्थानी गर्भधारणांच्या सु. पावणेआठ पट आणि गर्भाशयातील गर्भधारणेच्या सु. नव्वद पट होते. विकार विरळा असला, तरी प्रसूतिशास्त्रात त्याला महत्त्व आहे ते यामुळेच. निदान वेळेवर झाले आणि शस्त्रक्रियेत वारेविषयी योग्य निर्णय घेतला, तर माता बहुधा वाचते. या दोहोंपैकी एकात चूक झाली, तर काही मिनिटांत तिचे प्राण धोक्यात येतात.

प्रकार व उत्पत्ती : या गर्भधारणेचे प्राथमिक व दुय्यम असे दोन प्रकार मानतात. प्राथमिक प्रकारात फलित अंड सरळ पर्युदरावर (उदरगुहेच्या आतील पातळ आवरणावर) रुजते. हा प्रकार फार क्वचित आढळतो. तो ओळखण्यासाठी स्टडिफर्ड यांनी १९४२ मध्ये तीन कसोट्या मांडल्या : (१) दोन्ही अंडवाहिन्या व अंडकोश प्राकृत असून त्यांवर ताज्या वा जुन्या इजेची खूण नसावी; (२) गर्भाशय व उदरगुहा यांना जोडणारा नालव्रण नसावा; (३) गर्भ केवळ पर्युदराच्या पृष्ठभागाशी संबंधित असावा आणि तो इतक्या आरंभीच्या अवस्थेतील असावा की, अन्यत्र रुजून नंतर तेथे आल्याची शक्यता उरू नये.

दुय्यम प्रकार अधिक आढळतो. यात गर्भ प्रथम अंडवाहिनीत किंवा क्वचित अंडकोशात रुजतो. अंडवाहिनी फाटल्याने किंवा तिच्या झालरीसारख्या टोकातून बाहेर ढकलला गेल्याने तो उदरगुहेत येतो. बहुतेक वेळा अशा घटनेत गर्भ मरतो व रक्तस्रावामुळे स्त्रीला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. परंतु काही थोड्या प्रसंगी वारेचा काही भाग मूळ जागी चिकटून राहतो, रक्तस्राव आपोआप थांबतो आणि वारेचे अंकुर आजूबाजूच्या अवयवांवर पसरून नवा रक्तपुरवठा मिळवितात. स्त्रीला त्या वेळी पोटात कळ आल्याचे, घेरी आल्याचे किंवा थोडे अंगावर गेल्याचे आठवते. पुढे बरे वाटू लागल्याने ती गोष्ट विसरली जाते. जुन्या सिझेरियन व्रणाच्या जागी गर्भाशय हळूहळू उकलून गर्भ उदरगुहेत आल्याचीही उदाहरणे आहेत.

वार चिकटण्याची नेहमीची ठिकाणे म्हणजे गर्भाशय व गुदाशय यांमधील खोलगट जागा, गर्भाशयाचा मागील पृष्ठभाग, श्रोणीच्या बाजूच्या भिंती, वपाजाल (आतड्यांवर पडद्यासारखे लोंबणारे मेदयुक्त पर्युदर), आतडे व आंत्रबंध ही होत. यकृत व प्लीहा यांवर रुजलेले गर्भही नोंदविले गेले आहेत आणि तेथील विपुल रक्तपुरवठ्यामुळे ते विशेष घातक ठरतात.

धोक्याचे मूळ : गर्भ पोटात मोकळा असणे हा या विकारातील मुख्य धोका नव्हे, मुख्य धोका वारेच्या जागेमुळे उत्पन्न होतो. गर्भाशय हा जाड स्नायूंचा अवयव आहे. त्याच्या भित्तीतील स्नायुतंतू एकमेकांत गुंतलेले असून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्यांच्या जाळ्यातून जातात. पूर्ण दिवसांच्या गर्भारपणात गर्भाशयाकडे दर मिनिटास अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. प्रसूतीनंतर वार सुटताच हे तंतू आकुंचन पावतात व प्रत्येक वाहिनी आवळली जाऊन रक्तस्राव थांबतो. प्रसूतीनंतर गर्भाशय चेंडूसारखे घट्ट लागले की सुईण निर्धास्त होते, त्याचे कारण हेच.

उदरगुहेतील अवयवांना अशी रचना नाही. आतड्याच्या, वपाजालाच्या किंवा पर्युदराच्या पृष्ठभागावरून वार सोडविली, तर उघड्या पडलेल्या वाहिन्या आवळणारे स्नायू तेथे नसतात. टाके घालण्यास भक्कम ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचा समूह) मिळत नाही आणि दाबून धरावे, तर आतड्यासारखा मऊ अवयव हाती येतो. प्रौढ स्त्रीच्या शरीरात एकूण ४ ते ५ लिटर रक्त असते, हे लक्षात घेता असा रक्तस्राव सुरू झाल्यावर शस्त्रक्रियाविशारदाला किती अल्प अवधी मिळतो, याची कल्पना येते. उपचाराचे पुढे दिलेले बहुतेक नियम या एकाच वस्तुस्थितीतून निघालेले आहेत.

कारणे : अंडवाहिनीला इजा पोहोचविणारे सर्व विकार अस्थानी गर्भधारणेस व पर्यायाने या प्रकारासही कारणीभूत होतात. श्रोणीतील जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपातानंतरचा दाह, पूर्वीची अस्थानी गर्भधारणा, अंडवाहिनीवर झालेली शस्त्रक्रिया व धूम्रपान ही त्यांतील प्रमुख होत. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे अंडवाहिनीच्या विकृतीचे एक महत्त्वाचे कारण आहे. तो अनेकदा लक्षणांवाचून राहतो व वंध्यत्वाच्या तपासणीतच उघडकीस येतो. अंतर्गर्भाशयी साधन (तांबी) किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यांमुळे गर्भधारणेची एकूण शक्यता फार घटते. तथापि त्यानंतरही गर्भ राहिलाच, तर तो अस्थानी असण्याचा संभव अधिक असतो. नलिकेत फलन करून गर्भ रोपण करण्याच्या उपचारांनंतरही काही रुग्ण आढळले आहेत. अनेक रुग्णांत मात्र कोणतेही कारण सापडत नाही.

लक्षणे : पहिल्या तीन महिन्यांत लक्षणे अंडवाहिनीतील गर्भधारणेसारखीच असतात. पाळी चुकणे, ओटीपोटात दुखणे व योनिमार्गे थोडा रक्तस्राव ही तीन लक्षणे एकत्र दिसल्यास अस्थानी गर्भधारणेची शंका घेतलीच पाहिजे. पोटात रक्त साठल्यास खांद्यात दुखणे, घेरी, घाम, जलद नाडी व अवसाद (रक्तदाब अतिशय घटून होणारी गंभीर अवस्था) ही चिन्हे दिसतात.

गर्भ टिकून वाढू लागल्यास लक्षणे फसवी होतात. पोट वाढते, गर्भाची हालचाल जाणवते आणि सर्व काही नेहमीसारखे आहे असा समज होतो. तथापि काही तक्रारी वेगळ्या असतात : सतत किंवा पुन:पुन्हा होणारी पोटदुखी, गर्भाच्या प्रत्येक हालचालीबरोबर उठणारी वेदना, दीर्घकाळ टिकणारी मळमळ, बद्धकोष्ठता किंवा लघवीचा त्रास. तपासणीत गर्भ आडवा व नेहमीपेक्षा वर आढळतो. त्याचे अवयव कातडीखाली असल्यासारखे हाताला लागतात. गर्भाशय ग्रीवा बाजूला सरकलेली व कठीण असते. कधी गर्भापासून वेगळी, गर्भाशयाची लहान गाठ हाताला लागते. ही सर्व चिन्हे एकाच स्त्रीत क्वचितच आढळतात. आधी मुले झालेल्या स्त्रीने ‘या वेळचे गर्भारपण वेगळे वाटते’ असे वारंवार सांगितल्यास वैद्याने ते दुर्लक्षू नये.

दिवस पूर्ण भरले, तर कळा येतात. पण त्या खोट्या असतात. गर्भाशय ग्रीवा उघडत नाही व मूल बाहेर येण्यास मार्गच नसतो. काही काळाने कळा ओसरतात व गर्भाची हालचाल थांबते. मृत गर्भ बाहेर काढण्यासाठी कळा आणणारी औषधे वारंवार देऊनही प्रसूती होत नाही, तेव्हा गर्भ गर्भाशयात आहे की नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

निदान : आरंभीच्या काळात रक्तातील कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन (एचसीजी) या हॉर्मोनाचे मापन व श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने केलेली तपासणी (सोनोग्राफी) यांवर निदान आधारलेले असते. प्राकृत गर्भधारणेत आरंभीच्या आठवड्यांत या हॉर्मोनाची पातळी ४८ तासांत साधारणत: दीडपट किंवा त्याहून अधिक होते. ती तशी वाढत नसेल किंवा पुरेशी वाढूनही गर्भाशयाची पोकळी रिकामी दिसत असेल, तर गर्भ अन्यत्र शोधावा लागतो. उदरगुहीय गर्भधारणेत पातळी प्राकृत रीतीने वाढत राहणेही शक्य असते. म्हणून केवळ रक्ततपासणीवर विसंबता येत नाही.

पुढील महिन्यांत सोनोग्राफी हेच मुख्य साधन होय. मात्र तपासणी करणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे गर्भाकडे जाते. हृदयाचे ठोके, डोक्याचा व्यास, मांडीच्या हाडाची लांबी यांची मापे बरोबर येतात आणि गर्भाभोवती गर्भाशयाची भित्ती आहे की नाही, हे पाहणे राहून जाते. निम्म्याहून अधिक रुग्णांत निदान शस्त्रक्रियेपूर्वी होत नाही, असे अनेक अहवालांत आढळते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. १९८१ मध्ये ॲलिबोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीतील जी चिन्हे वर्णन केली, त्यांतील मुख्य पुढीलप्रमाणे आहेत : गर्भ गर्भाशयाबाहेर दिसणे, गर्भ व मूत्राशय यांमध्ये गर्भाशयाची भित्ती न दिसणे, गर्भाचे अवयव पोटाच्या पुढील भित्तीला अगदी लागून असणे, वार गर्भाशयाबाहेर असणे. गर्भजल फार कमी असणे व गर्भ सतत आडवा असणे ही साहाय्यक चिन्हे होत. तपासणी गर्भाशय ग्रीवेपासून सुरू करून ग्रीवेचा गर्भाशयाशी आणि गर्भाशयाचा गर्भाशी असलेला संबंध क्रमाने पाहत गेल्यास चूक टळते. पहिल्या तीन महिन्यांत ही तपासणी सर्वांत सोपी असते. कारण त्या वेळी गर्भाशय व गर्भ दोन्ही एकाच चित्रात मावतात.

शंका राहिल्यास चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचा (एमआरआय) उपयोग करतात. तिच्यात क्ष-किरण वापरले जात नाहीत. वार नेमकी कोणत्या अवयवावर पसरली आहे व मोठ्या रक्तवाहिन्यांशी तिचा संबंध कसा आहे, हे तिच्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी कळते. सोनोग्राफी उपलब्ध नव्हती, त्या काळी बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात गर्भाची हाडे मातेच्या पाठीच्या कण्यावर आलेली दिसणे हे महत्त्वाचे चिन्ह मानीत. मातेच्या रक्तातील आल्फा-फीटोप्रोटिनाचे प्रमाण कारणाविना वाढलेले आढळल्यासही ही शक्यता विचारात घेतात. गर्भाशयातील तंत्वार्बुदे (स्नायू व तंतू यांच्या गाठी), दुभागलेल्या गर्भाशयाच्या एका शिंगातील गर्भ, सुटलेली वार व गर्भाशय फाटणे यांपासून हा विकार वेगळा ओळखावा लागतो.

रुग्णालयातील उपचार : निदान होताच स्त्रीला रक्तपेढी, भूलतज्ञ, शस्त्रक्रियाविशारद व अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात दाखल करतात. रक्तस्राव कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो, म्हणून तिला घरी ठेवणे सुरक्षित नसते.

पहिल्या तीन महिन्यांत निदान झाल्यास गर्भ काढून टाकणे हाच उपचार आहे. वार लहान व रक्तपुरवठा मर्यादित असल्यास पोटावरील लहान छिद्रांतून उदरदर्शकाच्या साहाय्याने तो काढता येतो. मेथोट्रेक्झेट हे पेशींच्या विभाजनास अडथळा करणारे औषध अंडवाहिनीतील गर्भधारणेत १९८० नंतरच्या दशकांत रूढ झाले. उदरगुहीय प्रकारात मात्र त्याचे यश कमी असल्याने ते निवडक रुग्णांतच वापरतात.

गर्भ जिवंत व चार-पाच महिन्यांचा असता निदान झाल्यास निर्णय अवघड होतो. वाट पाहण्यात मातेच्या जिवाला धोका असतो व मूल वाचण्याची शाश्वती नसते. त्यामुळे गर्भ जगण्यायोग्य होण्यापूर्वी निदान झाल्यास गर्भधारणा संपविण्याचा सल्ला सामान्यत: दिला जातो. भारतातील वैद्यकीय गर्भपात अधिनियमात (१९७१) मातेचे प्राण वाचविण्यासाठी तातडीने आवश्यक असेल, तेव्हा आठवड्यांची मर्यादा लागू नसते. २४ आठवड्यांनंतर निदान झाले आणि मातेची प्रकृती उत्तम, गर्भात व्यंग नाही, गर्भजल पुरेसे व वार यकृत किंवा प्लीहा यांपासून दूर आहे, अशी स्थिती असेल, तर काही आठवडे वाट पाहिली जाते. त्यासाठी स्त्रीने सर्व काळ रुग्णालयात राहावे लागते, तिच्या रक्तगटाचे रक्त कायम तयार ठेवतात व गर्भाच्या फुप्फुसांची वाढ होण्यासाठी तिला स्टेरॉइडांची अंत:क्षेपणे देतात. साधारणत: ३४ आठवड्यांच्या सुमारास, रक्तस्राव झाल्यास त्यापूर्वीच, शस्त्रक्रिया करतात. या निर्णयात स्त्री व तिचे कुटुंबीय यांना दोन्ही बाजू समजावून सांगणे आवश्यक असते. मुलाची आशा धरून बसलेल्या घरात ही समजूत घालणे वैद्याच्या कामातील कठीण भाग होय.

गर्भ मृत असेल, तर मातेची प्रकृती स्थिर असल्यास शस्त्रक्रिया काही दिवस पुढे ढकलता येते. वारेतील रक्तप्रवाह त्या अवधीत मंदावतो. फार काळ थांबल्यास मात्र जंतुसंसर्ग व रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड होण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेची तयारी व पद्धती : शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्या नीलांत दोन नलिका घालून रक्ताधानाची व्यवस्था करतात. आवश्यक व शक्य असल्यास रोहिणीत बारीक नलिका घालून वारेकडे जाणारा रक्तप्रवाह आधीच बंद करण्यात येतो. वार आतड्यावर किंवा मूत्राशयावर असण्याचा संभव असल्याने त्या त्या शाखेच्या शस्त्रक्रियाविशारदांना उपस्थित ठेवतात. नेहमीच्या सिझेरियनप्रमाणे आडवा छेद न घेता मध्यरेषेवर उभा छेद घेतात. तो गरजेनुसार वर वाढविता येतो व त्यामुळे वार टाळून आत जाता येते. गर्भावरण वारेपासून दूरच्या जागी उघडून अर्भक अलगद बाहेर काढतात. वार ओढली जाणार नाही, याची काळजी घेऊन नाळ वारेलगत बांधून कापतात.

यानंतरचा प्रश्न वारेचा असतो. तिचा रक्तपुरवठा एखाद्या ठळक रक्तवाहिनीतून होत असेल व ती वाहिनी बांधणे शक्य असेल किंवा ज्या भागावर ती आहे तो भाग (उदा., अंडवाहिनी, अंडकोश, वपाजालाचा तुकडा किंवा प्रसंगी गर्भाशय) तिच्यासह काढता येत असेल, तरच ती काढावी. आतडे, आंत्रबंध, यकृत किंवा मोठ्या वाहिन्या यांवर पसरलेली वार हात न लावता जागीच ठेवून पोट बंद करावे, असा सर्वमान्य नियम आहे. प्रसूतीनंतर वार पूर्ण बाहेर आली की नाही, हे कसोशीने पाहण्याची सवय असलेल्या प्रसूतितज्ञाला हा नियम शिक्षणाच्या विरुद्ध वाटतो. परंतु तो मोडल्याने झालेल्या रक्तस्रावात अनेक माता दगावल्या आहेत. वार अंशत: सुटून रक्त वाहू लागलेच, तर महारोहिणी दाबून धरणे, श्रोणीतील रोहिणी बांधणे, रक्त गोठविणारी द्रव्ये लावणे किंवा निर्जंतुक कापडाच्या पट्ट्या घट्ट भरून एकदोन दिवसांनी त्या काढणे, हे उपाय योजतात.

साधी सिझेरियन शस्त्रक्रिया समजून पोट उघडल्यावर लहान रुग्णालयात हा प्रकार अचानक दिसण्याचे प्रसंगही येतात. अशा वेळी रक्तस्राव नसेल व अर्भकाला तातडीचा धोका नसेल, तर वारेला स्पर्श न करता पोट बंद करून स्त्रीला मोठ्या रुग्णालयात हलविणे सर्वांत सुरक्षित ठरते.

आत ठेवलेली वार शरीरात हळूहळू शोषली जाते. त्याला काही महिने व कधी काही वर्षे लागतात. रक्तातील एचसीजीची पातळी लवकर घटते, पण सोनोग्राफीत गाठ दीर्घकाळ दिसत राहते. या काळात ताप, विद्रधी (पुवाची गाठ), आंत्ररोध किंवा उशिरा होणारा रक्तस्राव संभवतो. म्हणून स्त्रीला नियमित तपासणीस बोलावितात. वार लवकर नष्ट व्हावी म्हणून मेथोट्रेक्झेट देण्याची पद्धत काही ठिकाणी होती. तथापि मोठ्या प्रमाणात मृत ऊतक एकदम साठून जंतुसंसर्ग वाढतो असे आढळल्याने ती सर्वसाधारणपणे सुचविली जात नाही. मातेचा रक्तगट आरएच ऋण असल्यास प्रति-डी अंत:क्षेपण द्यावे लागते.

अर्भक : उदरगुहेत वाढलेल्या गर्भांपैकी फार थोडे जगतात; निरनिराळ्या अहवालांत अर्भकमृत्यूचे प्रमाण ४० ते ९५ टक्के दिले आहे. गर्भजल कमी असल्याने व गर्भाशयाचे संरक्षण नसल्याने गर्भावर दाब पडतो. चेहरा व डोके एका बाजूस दबणे, सांधे वाकडे होणे, हातपाय आखूड राहणे, फुप्फुसांची वाढ अपुरी होणे अशी व्यंगे सु. एक पंचमांश अर्भकांत आढळतात. तथापि ३० आठवड्यांपलीकडे टिकलेल्या व पुरेसे गर्भजल लाभलेल्या गर्भांपैकी अनेक निरोगी जन्मल्याच्या नोंदी आहेत.

उपचार न झाल्यास : मृत गर्भ पोटातच राहिला, तर त्याची तीनपैकी एक गती होते. त्यात जंतुसंसर्ग होऊन पू होतो व हाडे आतडे, मूत्राशय, योनिमार्ग किंवा पोटाची भित्ती यांवाटे बाहेर पडू लागतात. किंवा गर्भ सुकून जातो. किंवा शरीर त्याभोवती कॅल्शियमाच्या लवणांचे कवच रचते. या शेवटच्या अवस्थेस अश्मगर्भ म्हणतात. क्यूखेनमाइस्टर यांनी १८८१ मध्ये कवच केवळ आवरणांवर आहे, केवळ गर्भावर आहे की दोहोंवर, यानुसार अश्मगर्भांचे वर्गीकरण केले.

महाराष्ट्रातील एक उल्लेखनीय उदाहरण नागपूरचे आहे. तेथील एन. के. पी. साळवे वैद्यकीय विज्ञान संस्थेशी संलग्न असलेल्या लता मंगेशकर रुग्णालयात २०१४ मध्ये मध्य प्रदेशातून आलेल्या सु. साठ वर्षे वयाच्या एका स्त्रीच्या पोटातून गर्भाचा संपूर्ण सांगाडा काढण्यात आला. पोटात दुखू लागल्यामुळे ती आली होती व प्रथमदर्शनी ती कर्करोगाची गाठ असावी अशी शंका होती. प्रतिमांत कठीण झालेला भाग दिसल्यावर चौकशी केली, तेव्हा १९७८ मध्ये तिला गर्भ राहिला होता, तो गर्भाशयाबाहेर असल्याचे सांगण्यात आले होते व शस्त्रक्रियेच्या भीतीने ती गावी परतली होती, हे समजले. गर्भाशय, आतडे व मूत्राशय यांमध्ये कवचात बंद होऊन तो सांगाडा ३६ वर्षे राहिला होता. निदान होऊनही उपचार न होण्यास केवळ सोयींचा अभाव कारण नसतो, भीतीही तितकीच कारण असते, हे या उदाहरणावरून दिसते.

इतिहास : कॉर्दोव्हाचा शस्त्रवैद्य अल्-जहरावी (सु. ९३६–१०१३) याने एका स्त्रीच्या बेंबीजवळील गळवातून गर्भाची हाडे बाहेर आल्याचे वर्णन केले आहे. या विकाराचे ते सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक मानतात. १५८२ मध्ये फ्रान्समधील सांस या गावी ६८ वर्षांच्या एका स्त्रीच्या मरणोत्तर तपासणीत २८ वर्षे पोटात राहिलेला अश्मगर्भ सापडला. त्याची हकीकत झां द आयबू या वैद्याने प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अस्थानी गर्भधारणा बहुधा प्राणघातकच असे. १८८३ मध्ये बर्मिंगहॅम येथे लॉसन टेट यांनी फाटलेली अंडवाहिनी काढून रुग्णाचे प्राण वाचविले व तेव्हापासून शस्त्रक्रिया हा मान्य उपचार झाला. पुढे रक्ताधान व प्रतिजैव औषधे यांमुळे शस्त्रक्रिया सुरक्षित झाली. १९५८ मध्ये ग्लासगो येथे इयन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्राव्यातीत ध्वनीने पोटातील अवयवांच्या प्रतिमा घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९७२ मध्ये एचसीजीचे अचूक मापन करणारी कसोटी उपलब्ध झाली. या दोन साधनांमुळे गर्भ नेमका कोठे आहे, हे पोट न उघडता सांगणे शक्य झाले.

प्रतिबंध व आरोग्यव्यवस्था : ही गर्भधारणा निश्चितपणे टाळता येत नाही, पण तिचा घातक परिणाम टाळता येतो. त्यासाठी गर्भारपणाची नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत होऊन त्याच काळात एक सोनोग्राफी होणे सर्वांत उपयुक्त ठरते. गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवावी लागते. त्यासाठी भरावयाच्या नमुन्यात गर्भ गर्भाशयात आहे की अस्थानी आहे याचे निदान, हे मान्य कारणांच्या यादीत आरंभीच दिलेले आहे. त्यामुळे अशा तपासणीस कायद्याची आडकाठी नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेस गरोदर स्त्रियांची शासकीय रुग्णालयांत विनामूल्य तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार (२०११) शासकीय रुग्णालयात औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया व रक्त विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे.

उपचारांची सोय मात्र सर्वत्र सारखी नाही. मराठवाड्यातील गुंतागुंतीच्या प्रसूती दीर्घकाळ छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९५६), ‘घाटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात पाठविल्या जात आल्या आहेत. शहरातील पुंडलिकनगर किंवा गारखेडा भागातील स्त्रीला रक्तपेढी असलेले रुग्णालय गावातच मिळते. त्याच जिल्ह्यातील सोयगाव वा वैजापूर तालुक्यांतील खेड्यांतून मात्र तेथवर पोहोचण्यातच मोलाचा वेळ जातो. रक्तस्राव सुरू झाल्यावर हे अंतर भरून काढता येत नाही. म्हणून गावपातळीवरील आशा कार्यकर्ती, परिचारिका व प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्य यांनी पाळी चुकलेल्या स्त्रीची पोटदुखी हलकी न मानता तिला वेळेवर पुढे पाठविणे, यावरच या विकारातील यश अवलंबून असते.

एकदा अस्थानी गर्भधारणा झालेल्या स्त्रीत ती पुन्हा होण्याचा संभव सर्वसाधारण स्त्रीपेक्षा अधिक असतो. तथापि गर्भाशय व निदान एक अंडवाहिनी शाबूत असल्यास पुढे प्राकृत गर्भधारणा होऊ शकते. आत ठेवलेली वार पूर्ण शोषली जाईपर्यंत गर्भधारणा टाळावी आणि त्यानंतर पाळी चुकताच लवकरात लवकर सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयात असल्याची खात्री करून घ्यावी.